पटावर सहाशे बारा

"ढवळे, एकोणचाळीस मुली गैरहजर आहेत," उपळेकर सर म्हणाले.

मी अजून दारात चपला काढत होतो. सर आमच्या शाळेचे हेडमास्तर होते आणि त्यांनी मला तीन वर्षं भूगोल शिकवला होता. त्यांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी त्यांच्यासमोर उभं राहिलं की माझे हात आपोआप पाठीमागे जायचे.

"कधीपासून, सर?"

"गेल्या शनिवारी सगळ्या होत्या. पटावर सहाशे बारा, वर्गात सहाशे बारा. आज वर्गात पाचशे त्र्याहत्तर."

"आणि मुलगे?"

"चार कमी आहेत. ते येतील परत, जातात कुठे."

वर्ग म्हणजे कॉम्प्युटरमधलं फोल्डर. कराडला सोमवार पेठेत, राहत्या घराच्या तळमजल्यावर, सर वधू-वर सूचक केंद्र चालवायचे. तिथले तीन कॉम्प्युटर पाच वर्षांपूर्वी मीच वायरीने एकमेकांना जोडून दिले होते. एक सरांच्या टेबलावर, एक त्यांच्या मदतनीस इंदूताई खटावकरांच्या टेबलावर, आणि एक बाहेरच्या हॉलमध्ये. हॉलमधल्यावर मुलांकडची माणसं बसायची आणि 'स्थळे' नावाच्या फोल्डरमधून मुलींची माहिती, फोटो बघायची. मुलींकडची बसली की मुलांची. सर स्वतः एकही फाइल उघडत नसत. ते दर शनिवारी दहा वाजता हजेरी घ्यायचे. फोल्डर उघडायचं, खालच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, जाड नोंदवहीत लिहायचा आणि सही करायची. त्या नोंदवहीला ते पट म्हणत.

"मधे काय झालं?" मी इंदूताईंना विचारलं.

"बुधवारी अपडेट आलं," इंदूताई म्हणाल्या. "कुणी मागितलं नव्हतं. 'कॉम्प्युटर बंद करू नका' असं सांगून तीन तास गोल गोल फिरत होतं."

सरांनी पट माझ्याकडे वळवला. गैरहजर मुलींच्या नावांपुढे त्यांनी लाल पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या. एका नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"चारशे अठरा. वैजयंती ढवळे. तुझीच बहीण ना? तीही नाही."

मी मान डोलावली. मला धसकाच बसला, आणि तो काही बहिणीच्या काळजीने बसला नव्हता.

झालं होतं असं की ताई तेहेतीस वर्षांची होती आणि मी अठ्ठावीस. ताई दवाखान्याच्या रक्तपेढीत नोकरीला होती. मी विट्याला एका कॉलेजच्या लायब्ररीत कॉम्प्युटर बसवायला गेलो आणि तिथल्या मीनल नावाच्या मुलीशी माझं जमलं. तिच्या घरी पसंत होतं, माझ्या घरीही पसंत होतं. फक्त अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, म्हणणं एकच होतं. मोठी घरात असताना धाकट्याचा बार उडवायचा नाही. मीनलचे वडील दोन वर्षं थांबले होते. आषाढात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जावईबापू म्हणायची सवय लावून घेतलीय, पण दिवाळीपर्यंतच. पुढे आम्हाला दुसरं बघावं लागेल." आता श्रावण चालू होता.

आणि ताईला चार वर्षांत एकही स्थळ सांगून आलं नव्हतं. नोंदवलं तेव्हा पहिल्या वर्षी पाच-सहा आली, ती काही ना काही कारणाने फिसकटली, आणि मग एकदम सगळं शांत. अण्णांनी करायचं ते सगळं केलं. ग्रहांची शांत केली. स्वतः सोमवार धरले. तीन वेळा तिचा नवा फोटो काढवला, तिसरा तर साताऱ्याच्या स्टुडिओत, मागे परदेशी फुलांची बाग रंगवलेली. ताई प्रत्येक वेळी साडी नेसून गेली, खुर्चीवर बसली, फोटोग्राफर म्हणेल तिकडे मान वळवली. अण्णा रात्री झोपताना म्हणायचे, "लोकांना डोळेच नाहीत." मला ताईबद्दल वाईट वाटायचं. हल्ली मात्र जास्त स्वतःबद्दलच वाटायचं.

"पुढच्या रविवारी मेळावा आहे," सर म्हणाले. "अर्धी पंचक्रोशी येणार. तू बघ काय होतंय ते. मी जेवून पडतो. तीनला खाली आलो आणि मुली आलेल्या नसल्या, तर एकोणचाळीस जणींच्या वडिलांना फोन लावतो. म्हणावं, कागद, फोटो सगळं नव्याने घेऊन या. पटावर सगळ्यांचे नंबर आहेत."

इंदूताईंच्या हातातला स्टेपलर थांबला. मला वाटलं पिन संपली असेल.

सर वर गेल्यावर मी कामाला लागलो. वायरी बघितल्या. तिन्ही कॉम्प्युटर जोडणारी मधली दिव्यांची पेटी बंद करून चालू केली. आमच्या धंद्यातलं निम्मं ज्ञान तेवढंच आहे. कचरापेटीत बघितलं, तिथे फक्त सत्यनारायणाच्या आमंत्रणाचा खर्डा होता. व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमने काही डांबून ठेवलंय का तेही पाहिलं. काही नाही. कुणी डिलीट केल्याचाही माग नव्हता. एक वाजून गेला. इंदूताई एकदाही जेवायला उठल्या नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"ताई, तुम्ही डबा खा की."

"भूक नाही."

मग मला सुचलं ते खरं म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत सुचायला हवं होतं. मी 'मुली' हे फोल्डर न उघडता बाहेरूनच त्याची माहिती काढली, आत किती फायली आहेत ती. आकडा आला सहाशे बारा. फोल्डर उघडलं की दिसत होत्या पाचशे त्र्याहत्तर. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. मुली वर्गातच होत्या, फक्त दिसत नव्हत्या.

कॉम्प्युटरवर कुठलीही फाइल लपवता येते. तिच्यावर उजवं बटण दाबायचं, माहितीची खिडकी उघडायची आणि 'लपवलेली' या शब्दापुढच्या चौकोनात खूण करायची. ज्या कॉम्प्युटरला 'लपवलेल्या फायली दाखव' असं सांगून ठेवलेलं असतं त्यावर ती फिकट दिसते, बाकीच्यांवर दिसतच नाही. पाच वर्षांपूर्वी मी सरांच्या आणि इंदूताईंच्या कॉम्प्युटरला तसं सांगून ठेवलं होतं. हॉलमधल्याला सांगितलं नव्हतं. अपडेटने तिन्ही कॉम्प्युटर एका माळेचे मणी करून टाकले होते.

मी सरांच्या कॉम्प्युटरला पुन्हा सांगितलं. एकोणचाळीस मुली आल्या, पाण्यात भिजून वाळलेल्या कागदासारख्या फिकट. त्यात चारशे अठराही होती.

"इंदूताई, सापडल्या."

त्यांनी उठून हॉलचं दार लोटलं आणि माझ्याशेजारी स्टूल ओढून बसल्या.

"देवा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं माझ्या हातून कायमच्याच गेल्या."

"तुमच्या हातून?"

"तूच शिकवलं होतंस मला. आठवतं? मी विचारलं होतं, एखादी फाइल न पुसता बाजूला ठेवता येते का."

मला आठवलं. शिकवताना मला बरंच कौतुक वाटलं होतं, की पन्नाशीच्या बाई एवढं विचारतायत.

"कशाला लपवल्या पण?"

"मी नाही लपवल्या. त्यांनी लपवायला सांगितल्या. दुपारी सर वर असतात तेव्हा येतात. नोंदवायला बापाबरोबर येतात, हे सांगायला एकट्या येतात. 'ताई, माझं पान मिटून ठेवा' एवढंच म्हणतात. मी मिटून ठेवते. हॉलमध्ये बसलेल्याला दिसत नाही, पटाची बेरीज चुकत नाही. कुणाला नाही म्हणावं लागत नाही, कुणाचा शब्द मोडत नाही."

"सरांच्या लक्षात नाही आलं? फिकट दिसतात की."

"विचारलं होतं त्यांनी एकदा. म्हणाले, काही मुली फिकट का? मी म्हटलं, जुनी नोंदणी आहे. म्हणाले, बरोबर, फोटो जुना झाला की उडतोच."

मी हसलो असतो. पण समोर चारशे अठरा होती.

"माझ्या बहिणीने काय कारण सांगितलं?"

"मी कुणालाच कारण विचारत नाही. विचारलं की रडतात, आणि मग सर खाली यायच्या आत काम होत नाही. काही आपणहून सांगतात. हिला परीक्षा द्यायचीय. हिचं एकाशी आहे, पण घरी सांगायला वेळ हवाय. तुझी बहीण काही बोलली नाही. फक्त म्हणाली, अण्णांना कळता कामा नये, त्यांना लागेल."

"कधी आली होती?"

"चार वर्षं झाली. गौरी बसल्या होत्या त्या दिवशी."

चार वर्षं. मी डोक्यात सगळं मांडायला लागलो. ते सोमवार, ती शांत, ती फुलांची बाग. अण्णा कासावीस होऊन फोटोग्राफरला सांगत होते, जरा हसवा तिला, आणि ही हसत होती, आणि तिचं पान मिटलेलं होतं. विट्याला मीनल बापाला आणखी चार महिने, आणखी चार महिने असं करून थोपवत होती. मला राग आला. मी स्वतःला सांगितलं की मला अण्णांसाठी राग आलाय.

"श्रीरंगा," इंदूताई म्हणाल्या, "आता फक्त सरांना दिसतील एवढं कर. पहिल्यासारखं."

"ते काही नीट काम नव्हे. पुढचं अपडेट आलं की परत हेच. नीट करायचं तर फायलींवरची खूणच काढून टाकली पाहिजे."

"पुढच्या अपडेटला मी तुला परत बोलावीन."

त्या सांगत होत्या ते करायला दोन मिनिटंसुद्धा लागत नव्हती, ते झालंच होतं. इंदूताईंच्या कॉम्प्युटरवरही केलं. लपवलेल्या चार मुलग्यांचीही हजेरी लागली. हॉलमध्ये जाऊन बघितलं, तिथे पाचशे त्र्याहत्तरच होत्या. सगळं बुधवारच्या आधीसारखं.

मग मी सरांच्या खुर्चीत परत येऊन बसलो. चारशे अठरावर उजवं बटण दाबलं, खिडकी उघडली आणि चौकोनातली खूण काढली. ताईचं नाव एकदम काळंभोर झालं.

इंदूताई मागेच उभ्या होत्या.

"श्रीरंगा, बहीण आहे ती तुझी."

"म्हणूनच," मी म्हणालो.

त्यांनी डबा उघडला, बघितला आणि परत बंद केला.

तीन वाजता सर खाली आले, उभ्यानेच आकडा वाचला आणि पटावरच्या लाल फुल्या खोडरबराने खोडायला बसले. "शाबास," म्हणाले. "भूगोलात तुला कधी इतकं चांगलं जमलं नव्हतं."

घरी गेलो तेव्हा ताई मेथी निवडत होती. मला म्हणाली, "उशीर झाला तुला." मी म्हणालो, "हो, काम होतं." तिने आणखी काही विचारलं नाही. मी जेवलो आणि झोपलो. झोप चांगली लागली, हे मला मुद्दाम सांगायला हवं.

मेळाव्यानंतर नवव्या दिवशी पहिलं स्थळ आलं. अण्णांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी नव्या कपबश्या आणल्या, दिवाणखान्यातला कळकट दिवा बदलला, आणि समोरच्या काकूंना सहज म्हणून चार वेळा सांगून आले. पहिलं जुळलं नाही. दुसऱ्यांनी पत्रिका बघून कळवतो म्हणून कळवलं नाही. तिसरं फलटणचं होतं. मुलगा शेती खात्यात, बोलायला शांत, ताईच्या कामाबद्दल त्याने नीट चार प्रश्न विचारले. त्यांचा होकार तिसऱ्या दिवशी आला. अण्णा देवासमोर साखर ठेवून आले आणि म्हणाले, "वैजू, तोंड गोड कर."

ताईने साखर घेतली नाही.

"अण्णा, मला करायचं नाहीये."

"का? त्याच्यात काय वाईट आहे?"

"त्याच्यात काही नाही. मला कुणाशीच करायचं नाही."

"आत्ता सुचलं हे? चार वर्षं कुणी कुत्रं विचारत नव्हतं, तेव्हा गप बसलीस. मी देव पाण्यात घालून बसलो, तेव्हा गप बसलीस."

"तुम्हाला तोंडावर नाही म्हणायला जड जात होतं," ताई म्हणाली. "अजून जातंय. पण आता म्हणते. मला माझी नोकरी आवडते, मला एकटीला बरं वाटतं. त्यात कुणाचा दोष नाही."

अण्णांनी हातातल्या साखरेकडे बघितलं. मग ती त्यांनी परत डब्यात टाकली. देवापुढे ठेवलेलं परत डब्यात टाकत नाहीत, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. मला ताईची लाज वाटली नाही, अण्णांची वाटली नाही, माझी वाटली. आणि त्या लाजेच्या खाली, खोटं कशाला बोलू, आनंद होता.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी विट्याला फोन लावला. "थोरलीचं काही आता राहिलेलं नाही," ते मीनलच्या वडिलांना म्हणाले. "तुमच्या सोयीचा मुहूर्त काढा." दोन वर्षं जे अडलं होतं ते ताईच्या एका नाही म्हणण्याने पंधरा मिनिटांत सुटलं. मात्र त्या दिवसापासून अण्णा ताईशी बोलायचे बंद झाले. ती समोर असली तरी मला म्हणायचे, "तिला सांग, आमटी वाढ." ती वाढायची. असं पावणेदोन वर्षं चाललं.

लग्न मार्गशीर्षात झालं, विट्यालाच. ताईने याद्या केल्या, रुखवताची गाडी उतरवली, हरवलेल्या आहेरांच्या पिशव्या शोधल्या. अण्णांचे निरोप ती माझ्याकडून घ्यायची आणि माझ्याकडूनच उत्तरं पाठवायची. मुंडावळ्या बांधून मी पाटावर उभा राहिलो तेव्हा करवली म्हणून माझ्यामागे हातात दिवा घेऊन तीच उभी होती. मुहूर्ताला सात-आठ मिनिटं अवकाश होता. भटजी घड्याळ बघत होते. माझी एक चुलती ताईजवळ येऊन म्हणाली, "आता तुझं कधी गं?"

"माझं झालं, काकू," ताई म्हणाली. "बोलून झालं."

चुलती गेली. मी चार महिने जे पोटात ठेवलं होतं ते तिथे, तांदूळ हातात घेतलेल्या दोनशे माणसांसमोर, मला आवरेना.

"ताई," मी मान न वळवता म्हणालो, "सरांकडची ती तुझी फाइल... ती खूण मी काढली होती."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तू अजून सोमवार पेठेतून निघाला नसशील. इंदूताईंचा रक्तपेढीत फोन आला. म्हणाल्या, सर चहाला वर गेले की मी परत मिटून ठेवते, दोन मिनिटांचं काम आहे."

"मग?"

"मी म्हटलं, राहू दे."

माझी एक मुंडावळी डोळ्यावर आली होती. तिने दिवा डाव्या हातात घेतला आणि मागूनच ती नीट केली.

"का?" मी विचारलं.

"तुझं अडलं होतं रे," ती म्हणाली. "सरळ उभा राहा आता."

भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला. मंगलाष्टकं चालू असताना नवऱ्याने मागे वळून बघायचं नसतं, आणि मी बघितलं नाही. पाचवं झालं, सहावं झालं, मग सगळीकडून तांदूळ पडले, अंतरपाट बाजूला झाला. मीनल समोर हार घेऊन उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, डोळ्यांत काय गेलं.

मी म्हणालो, अक्षता.